दोन्ही अंगांना सिंह असलेला रुपया

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते ताडपत्री धरायचं. दोन कोपरे हिच्या हातात, दोन माझ्या. खळ्यावर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि डोंगराच्या अंगानं आभाळ काळं होऊन आलं. मार्चात आभाळ आलं की हळदवाला आधी खळ्याकडं पळतो. शिजलेली हळद भिजली की रंग गेलाच, मग तिला काळं कुत्रं विचारत नाही. वारं असं सुटलं की ताडपत्री आम्हा दोघांना घेऊन वर जाती का काय असं झालं. मी ओढायचो, ती ओढायची. साठी उलटलेली बाई, पण कोपरा सोडला नाही.

त्या वाऱ्यात मला एकदम वाटलं, आता सांगून टाकावं. नऊ वर्षं जे सांगितलं नव्हतं ते.

"अगं, ते नाणं हाय न्हवं..." मी ओरडलो.

"काय?"

"ते नाणं गं!"

"आवं ऐकू येत न्हाई! काय म्हंताय?"

"कोपऱ्यावर दगड ठेव म्हंतोय!"

तिनं दगड ठेवला. पाऊस काही आलाच नाही, चार थेंब पडले आणि ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हळदीच्या पोत्याला टेकून बसली, ती बसलीच. मला वाटलं डुलकी लागली. अर्धा तास मी तिला उठवलं नाही, म्हटलं निजू दे. असला शहाणा मी.

आता परत हळदीचे दिवस आले आहेत. गावाच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, हळद शिजल्याचा वास येतो. हा वास हळदीच्या पुडीचा नव्हे. ओल्या मातीचा, उकडलेल्या रताळ्याचा आणि जरा औषधाचा, असा मिळून. पूर्वी काहिलीत शिजायची, पाचटाचा जाळ घालायचा. आता वाफेचा कुकर येतो ट्रॅक्टरमागून, तासाभरात काम उरकून पुढच्या वस्तीवर जातो. वास मात्र तोच. हात पिवळे, नखं पिवळी, घाम पुसला की टॉवेल पिवळा, भाकरीला बोटांचे पिवळे ठसे. ही म्हणायची, "ह्या दिसांत आपल्या गावात लगीन काढू नये. नवरदेव कुठला ते कळत न्हाई."

हिचं नाव हौसा. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मी चौथी शिकलो, म्हणून घरात मीच विद्वान. इस्लामपूरच्या आठवडी बाजाराला ती आमच्या रानातली भाजी घेऊन बसायची, मेथी, वांगी, गवार. आकडा वाचता येत नव्हता, पण नाणं अंगठ्यानं ओळखायची. अंगठा एकदा फिरवला की कळायचं, रुपया का दोन का पाच. माझ्याशी बोलता बोलता, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता अंगठा आपलं काम करायचा. लोकांना वाटायचं अडाणी बाई आहे, खपवावं काहीतरी. घासलेलं, वाकलेलं, कुठल्या भलत्याच देशाचं नाणं तिच्या पाटीत पडायचं. तिला ते तिथंच कळायचं, पण ती परत करायची नाही. "आसू दे," म्हणायची, "त्याला तरी दुसरीकडं कोण घेनार हाय?" घरी येऊन एका डब्यात टाकायची. मी म्हणायचो भंगार. ती म्हणायची, "तुमाला न्हाई ठेवून घेतलं?"

शिकलेला माणूस नाण्यावरचा आकडा बघतो आणि खिशात टाकतो. नाणं तो बघतच नाही. हिला आकडा कळत नव्हता म्हणून ती नाणं बघायची. हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं. हे सांगितलं सुकुमार अण्णांनी.

सुकुमार अण्णा म्हणजे सांगलीच्या यार्डात आमची हळद ज्यांच्या अडतीला जाते ते. जैन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवणार, आवाज कधी चढवणार नाही, आणि दुकानाच्या गादीमागं कपाटात चुकलेली नाणी. सगळी टाकसाळीत चुकलेली. एकदा हळद घेऊन गेलो तेव्हा ही माझ्यासंगट होती. अण्णांनी प्लॅस्टिकच्या खिशांची वही काढून दाखवली. एका देशाच्या नाण्याला मधोमध भोक असतं, तर ते भोकच सरकून कडेला गेलेलं. एकावर साल छापायचं राहून गेलेलं. एकावर राणीचं तोंड दोनदा, एकावर एक, जरा हलवून, फोटो काढताना माणूस हलल्यासारखं. एकाची नक्षी अर्धीच, बाकी अर्धं नाणं कोरं, अष्टमीच्या चंद्रासारखं. अमेरिकेतला माणूस, जपानातला माणूस, कोण कुठला, सगळे असली नाणी हुडकत फिरतात म्हणे. फोनवर फोटो पाठवतात, बोली लागते, भांडणंसुद्धा होतात.

मी विचारलं, "अण्णा, चांगली नाणी सोडून हे येडं का घेत्यात लोक?"

अण्णा म्हणाले, "तात्या, बिनचूक नाणी पोत्यानं हायत. हे एकच चुकलं, आन् कुनाच्या ध्यानात न येता गावात आलं. म्हनून."

ही तोवर वहीवर वाकून बघत होती. म्हणाली, "असली माझ्याकडं हायत की."

दुसऱ्या खेपेला ती डबा घेऊन आली. येण्याआधी सगळी नाणी चिंचेनं आणि राखेनं लख्ख घासून आणलेली, देवाची भांडी घासावीत तशी. अण्णांनी डोक्यालाच हात लावला. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. "वैनी! धुवायची न्हाईत वो! मळाचीच किंमत असती त्याला!" ही म्हणाली, "मळाची किंमत? मग आमच्या ह्यास्नीच आनून ठिवते तुमच्या कपाटात." अण्णांचा दिवाणजी हसून हसून गादीवर आडवा झाला.

पण त्या डब्यात एक नाणं निघालं. रुपया. घासूनही ते तसंच्या तसं राहिलं होतं, कारण त्याची चूक खोल होती. एका अंगाला सिंह वर आलेले, जसे असतात तसे. उलटं करून बघावं तर त्या अंगालाही सिंहच, पण आत गेलेले, खड्ड्यात, उलटे. आकडा कुठंच नाही. अण्णा दिव्याखाली धरून किती तरी वेळ बघत राहिले. मग समजावून सांगितलं. आधीचं नाणं साच्यात चिकटून राहतं, खाली पडत नाही. त्याच्यावर पुढचं येऊन दाबलं जातं. मग पुढच्याच्या अंगावर पहिल्याचं तोंड उलटं, आतल्या बाजूनं उमटतं. जन्मभरासाठी.

अण्णांनी ते मागितलं. ही लगेच द्यायची नाही म्हणाली. "पुढच्या हळदीला देती. तवर माझ्याजवळ ऱ्हाऊ दे, मला त्यावर अंगठा फिरवाय बरं वाटतंय." अण्णा म्हणाले, "शब्द?" ही म्हणाली, "शब्द."

मला ज्या हंगामाबद्दल सांगायचं आहे तो हा, पुढच्या हळदीचा. हळद लय झाली होती त्या साली. माल टेम्पोनं पुढं गेला होता, आम्ही दोघं आष्ट्यावरनं एस्टीनं सांगलीला निघालो. हिला गाडी लागायची. पदर नाकाला लावून, लिंबू हुंगत, डोळे मिटून खिडकीजवळ बसलेली. आपली सुपारीची चंची तिनं माझ्याकडं दिली, "धरा, माज्या हातातनं पडंल." त्या चंचीत सुपारी, कातरलेलं खोबरं आणि दोन रुपये. त्यातला एक तो.

सांगलीच्या पुलावर गाडी आली. आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. कृष्णेवर गाडी आली की हात आपोआप खिशात जातो. म्हातारे, पोरी, शाळा मास्तर, सगळे. नाणं काढायचं, कपाळाला लावायचं, कृष्णामाई म्हणायचं आणि टाकायचं. माझ्या बापानं टाकलं, त्याच्या बापानं टाकलं. माझी दोन बोटं चंचीत गेली, एक नाणं आलं, कपाळाला लागलं आणि हिच्या तोंडावरनं हात लांबवून मी ते खिडकीबाहेर सोडलं. बघितलंसुद्धा नाही. चंची आवळून तिच्या मांडीवर ठेवली.

अण्णांच्या दुकानात हिनं चंची उघडली. सुपारी निघाली, खोबरं निघालं, एक रुपया निघाला. साधा. तिनं अंगठा फिरवला, परत फिरवला. चंची उलटी करून झटकली. अण्णा बघतायत, दिवाणजी बघतोय, दोन-चार शेतकरी बसलेले. माझ्या बोटांना त्याच घटकेला सगळं कळलं.

"पुलावर तर न्हवं टाकलं मी?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. "दरयेळी टाकतीच की. ग्लानीत हुते मी."

मी तोंडाळ माणूस. सरपंचाला तोंडावर चोर म्हटलेला. जावयाला त्याच्या आईसमोर आळशी म्हटलेला. गावात म्हणतात, तात्याच्या पोटात काय राहत नाही. आणि मी काय बोललो? "तूच टाकलंस की. म्या बघितलं."

म्या बघितलं. एवढंच.

ती अण्णांना म्हणाली, "चूक माजी हाय अण्णा. असलंच एक हुडकून देती तुमाला. शब्द दिलाय." अण्णा म्हणाले, "जाऊ द्या वो वैनी, एवढं काय." पण तिनं नाही जाऊ दिलं.

तिथंच गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण खोटं बोललेल्या माणसाला गप्प बसवत नाही. गावात येऊन मीच पारावर सांगितलं, दुकानात सांगितलं, हळदीच्या खळ्यावर बायांत उभं राहून सांगितलं. "आमच्या हिच्या हातात काय देऊ नका रं, परदेशातनं मागनी आलेलं नाणं हिनं नदीत टाकलं!" लोक हसले. मग ती चेष्टाच होऊन बसली. हळद निवडणाऱ्या टोळीची मुकादम शेवंता, तिची जीभ म्हणजे कोयता, ती दर हंगामात हिला बघून म्हणायची, "मावशे, घावलं का गं नानं? का कृष्णामाई व्याजासकट देनार हाय?" बाया खिदळायच्या. हीही हसायची. "घावंल की," म्हणायची, "तुज्या लग्नाच्या आत घावंल." शेवंताला तीन नातवंडं.

ती हसायची म्हणून मला वाटायचं, विसरली असेल. पण एक गोष्ट मी बघत होतो. त्यानंतर सांगलीला जाताना पूल आला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. जन्मभर जिनं कृष्णामाईला नाणं टाकलं, तिनं परत कधी टाकलं नाही. बाजारात सुटे देताना ती आता अंगठा दोनदा, तीनदा फिरवायची, गिऱ्हाईक कावायचं. ज्या बाईला आपल्या अंगठ्याचा भरवसा होता तिचा तो भरवसा मी काढून घेतला. चोरी म्हटलं तर हीच.

आणि हुडकणं. नऊ वर्षं. भाजी विकून आली की अंगणात चवड्यावर बसून पाटीतलं एकेक नाणं अंगठ्याखालनं घालायची. टोलनाक्यावरच्या पोराला, देवळातल्या पुजाऱ्याला, कंडक्टरला सांगून ठेवलेलं. लष्करात असलेला आमचा भाचा सुट्टीवर येताना मूठभर सुटे घेऊन यायचा, कुठल्या कुठल्या देशांचे. त्यातून चुकलेली नाणी निघायची बरं का. कोरी निघाली, अर्ध्या चंद्राची निघाली, एक तर असलं की दोन नाणी जुळ्यांसारखी चिकटलेली. सगळी अण्णांना नेऊन द्यायची. पैसे घ्यायची नाही. "माजं पैलं बाकी हाय," म्हणायची. दोन्हीकडं सिंह मात्र परत निघाले नाहीत.

एकदा अण्णांच्या दुकानात एक माणूस असंच चुकलेलं नाणं घेऊन आला. चांगला शर्टपँटवाला. अण्णांनी भिंगातून बघितलं आणि परत दिलं. "हे टाकसाळीत चुकल्यालं न्हवं," म्हणाले, "हे कुनीतरी घरात दुसऱ्या नाण्यावर ठेवून दाबून केलंय. ह्याला जगात कोन विचारत न्हाई." तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "तात्या, चूक झालेली येगळी, केलेली येगळी. बोट लावलं की कळतंय." मी मान हलवली आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत उभा राहिलो. पुलावर झाली ती चूक होती. ती कुणीही माफ केली असती, सगळ्यांत आधी हिनं. जन्मभर हसली असती माझ्यावर, आणि हसणं मला सोसलं असतं. दुकानात केली ती मात्र मीच दाबून केली.

मग का नाही सांगितलं? मी स्वतःला लय वेळा विचारलं आहे. पहिल्या महिन्यात लाज. पहिल्या वर्षात, आता उकरून काय उपयोग. पुढं पुढं तर असं झालं की सांगितलं तर ती विचारेल, एवढी वर्षं मला हुडकू दिलं? माणूस एकदा सांगायचं थांबला की दररोज नव्यानं थांबतो. शेवटी त्या वाऱ्यात तोंड उघडलं, तर दगड ठेव म्हणालो.

ती गेली तेव्हा बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अहेव गेली म्हणून सगळ्या म्हणत होत्या, नशिबाची. शेवंतानं ओटी भरली. भरता भरता रडत म्हणाली, "मावशे, नानं न्हाईच घावलं गं तुला." आणि रडतानासुद्धा चार बाया जरा हसल्या. वाईट मनानं नाही. सवयीनं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तिथं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

वर्ष गेलं. परवा सुकुमार अण्णा आले. हळद बघायला म्हणून आले, पण हळदीकडं बघितलंच नाही. सोप्यात बसले, पाणी प्यायले आणि खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. त्यात नाणं. कुठल्या तरी परमुलखातलं, त्यावर एक पाखरू. एका अंगाला पाखरू वर आलेलं. उलटं केलं तर तेच पाखरू आत गेलेलं, उलटं.

"मिळालं तात्या," अण्णा म्हणाले. "लय दिवस एकाच्या मागं लागलो होतो. वैनींना दाखवायचं हुतं, आता तुमचं हुडकनं थांबवा म्हनून सांगनार हुतो. उशीर झाला बगा."

मी त्यावर अंगठा फिरवला. तिच्यासारखं. वरचं पाखरू लागलं. आतलं लागायला जरा वेळ लागला, मग तेही लागलं. खड्डा असतो तो, पण पाखराच्याच आकाराचा. घरात रोज मला तसंच होतं. दोन कप काढतो. ताडपत्री एकट्यानं धरता येत नाही हे कळतं आणि तरी दोन कोपरे धरून उभा राहतो. तिच्या आकाराची जागा आहे, आणि तिला बोट लावायची माझी लायकी नाही, कारण मधे ते खोटं आहे.

मी सांगून टाकलं. अण्णा, ते हिनं नाही टाकलं. मी टाकलं. ही झोपली होती. माझ्या हातानं टाकलं आणि तुमच्यापुढं तिच्या नावावर घातलं.

अण्णांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या तात्या, झालं गेलं. मला तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते उठले, टोपी नीट केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग मला कशाला सांगताय? मी कवा हसलो हुतो त्यांना?"

नाणं तिथंच ठेवून ते गेले. जेवा म्हणालो, तर म्हणाले दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता हळद पॉलिश करायच्या शेडवर गेलो. मोटार सुरू होती, ढोल फिरत होता, आत हळकुंडं खडखडत होती. धुरळा असा पिवळा की माणसं सावल्यांसारखी दिसत होती. पंधरा-वीस बाया तोंडाला पदर बांधून निवडत बसलेल्या. शेवंता दाराशी सूप घेऊन उभी होती.

"काय तात्या, सकाळीच? वाट चुकला का काय?"

मी म्हणालो, "शेवंते, तुमाला समद्यांना एक सांगायचं हाय. ते नाणं हौसानं न्हाई टाकलं नदीत. म्या टाकलं. तिला ठावंच न्हवतं. मी तिच्यावर ढकललं आन् तुमाला हसाय लावलं."

शेवंतानं पदर तोंडावरून खाली घेतला. तिची जीभ चालेल म्हणून मी वाट बघत होतो. तिच्या पलीकडच्या दोघी हात थांबवून बघत होत्या. मागच्या बायांचं निवडणं चालूच होतं, त्यांना ढोलापुढं काही कळलं नव्हतं.

शेवंतानं सूप खाली ठेवलं. मोटारीवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "बंद कर रं ते!" ढोल गरगरत, गरगरत हळू झाला. आतली हळकुंडं एकेक करून पडायची थांबली. एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. सगळ्या बायांनी माना वर केल्या.

"आता सांगा," शेवंता म्हणाली. "पैल्यापासनं. आन् मोठ्यानं, तात्या. मागल्या बायास्नी ऐकू गेलं पायजे."

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पहिल्यापासून सांगितलं. मोठ्यानं.